येशूही रागावला होता, मग माझे काय चुकले?

प्रश्न : मंडळीच्या बैठकीत मी एका वडीलधाऱ्या गृहस्थांना सर्वांसमोर तोडून बोललो. बोललो ते खरेच होते. आता पाळक माफी मागायला सांगतात. पण येशूनेही मंदिरात चाबूक उचललाच होता ना?

उत्तर : हा दाखला बऱ्याच जणांच्या मनात येतो, म्हणून आधी तोच नीट वाचू. चार शुभवर्तमानांपैकी चाबूक फक्त योहानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथेही कबुतरे विकणाऱ्यांना येशू तोंडानेच सांगतो, ही इथून न्या. तो राग प्रार्थनेच्या जागेचा बाजार झाला म्हणून होता. त्याची स्वतःची निंदा झाली तेव्हा तो उलटून बोलला नाही, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात कित्ता म्हणून पुढे ठेवले आहे ते हे न बोलणे. बैठकीत तुम्हाला खुपले ते मंडळीचे नुकसान की तुमचा अपमान, हे तुम्हालाच ठाऊक.

आता ‘खरेच होते’ याविषयी. असेलही. पण मत्तयाचा अठरावा अध्याय भावाची चूक आधी एकांतात दाखवायला सांगतो, चारचौघांत नव्हे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सत्याला प्रीतीची जोड आहे आणि बोलण्याने ऐकणाऱ्याचे भले व्हावे अशी अपेक्षा आहे. बोलणे खरे असले की ते पुरेसे झाले, हा समज इथे टिकत नाही.

माफीबद्दल मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला आठवते की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. येशू म्हणतो, अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. ही शिकवण ऐकणारे बहुतेक गालीलाकडचे आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे पायी सुमारे तीन दिवसांची वाट. अर्पण सोडून घरी जायचे आणि पुन्हा यायचे! चूक कुणाची जास्त, याचा हिशेब तिथे मागितलेलाच नाही.

नम्रता म्हणजे स्वतःला पामर म्हणवून घेणे, असेही अनेकांना वाटते. त्यापेक्षा ‘माझे चुकले’ म्हणून थांबणे अवघड असते, कारण पुढचा ‘पण’ जिभेवर तयार असतो आणि तो उच्चारला की माफीची तक्रार होते. तेव्हा आधी त्यांच्या घरी जा. दुखावलेत सर्वांसमोर, म्हणून पुढच्या बैठकीत तेच वाक्य सर्वांसमोरही म्हणा, तेवढेच.