स्वाभिमानी जेन

इ. स. १८३६ च्या अखेरीस इंग्लंडमधील हॉवर्थ गावच्या धर्मोपदेशकाच्या वीस वर्षांच्या मुलीने आपल्या कविता रॉबर्ट साउदी या राजकवीकडे अभिप्रायासाठी पाठविल्या. पुढील वर्षी उत्तर आले. साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही व होऊही नये, असे राजकवीचे मत पडले. त्या मुलीने नम्रपणे त्याचे आभार मानले. परंतु लेखणी मात्र खाली ठेवली नाही. ही मुलगी म्हणजेच शार्लट ब्राँटी होय.

शार्लट पाच वर्षांची असतानाच तिची आई वारली. पुढे ज्या निवासी शाळेत तिला घातले, तेथील थंडीने व निकृष्ट अन्नाने मुलींचे फार हाल होत. तेथे आजारी पडलेल्या तिच्या दोन थोरल्या बहिणी १८२५ साली घरी परतल्यावर मरण पावल्या. मोठेपणी शार्लटने शाळेत शिकविले आणि श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकविण्याची नोकरीही केली. शिकलेल्या पण गरीब मुलीला त्या काळी याहून निराळा मार्ग क्वचितच मिळे. या अनुभवांच्या आधारे तिने ‘जेन एअर’ ही कादंबरी लिहिली. १८४७ साली ती ‘करर बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. लेखक पुरुष आहे की स्त्री, हे त्या नावावरून कोणास कळत नसे.

कादंबरीची नायिका जेन ही पोरकी मुलगी. मामीच्या घरी ती वाढत होती. ती दहा वर्षांची असताना मामेभावाने तिला पुस्तक फेकून मारले. तिने प्रतिकार केला, तेव्हा शिक्षा मात्र तिलाच झाली! एका एकाकी खोलीत तिला कोंडण्यात आले. पुढे घर सोडताना जेनने मामीला तिच्या अन्यायाबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावले. पण तो राग ओसरल्यावर तिच्या मनाला समाधान लाभले नाही.

शाळेत तिला हेलन नावाची मैत्रीण भेटली. अपमान झाला तरी मन शांत कसे ठेवावे, हे जेन तिच्यापासून शिकली. अठराव्या वर्षी तिने स्वतःच वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि वर्षाला तीस पौंड वेतनाची शिक्षिकेची नोकरी मिळविली. त्या घराचा धनी रॉचेस्टर याच्यावर तिचे प्रेम जडले. विवाहाचा दिवसही उजाडला. परंतु ऐन वेळी उघड झाले, की त्याची पहिली पत्नी हयात आहे! रॉचेस्टरने परोपरीने विनविले. तू माझ्याजवळ राहिलीस तर दुखावणारे तुझे असे कोण आहे, असेही तो म्हणाला. जगात आपले कोणी नसले तरी आपण स्वतः आहोत, असा जेनने विचार केला. पहाटेच्या अंधारात ती घराबाहेर पडली. जवळचे पैसे गाडीभाड्यात संपले. दोन घासांसाठी तिला दारोदार हिंडावे लागले. पण ती मागे फिरली नाही. पुढे एका खेड्यातील शाळेत शिकवून ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली.

काही काळाने तिला चुलत्याची वीस हजार पौंडांची संपत्ती मिळाली. तिने तिचे चार समान वाटे करून तीन आपल्या भावंडांना दिले. रॉचेस्टरची पहिली पत्नी आगीत मरण पावली व तो स्वतः अंध झाला होता. जेन आता कोणाची आश्रित नव्हती. ती स्वेच्छेने त्याच्याकडे परतली आणि त्यांचा विवाह झाला.

दहा वर्षांच्या जेनने दुसऱ्याच्या अन्यायाला विरोध केला. अठरा वर्षांच्या जेनने स्वतःच्या मोहालाही विरोध केला. पहिल्यासाठी धैर्य लागते. दुसऱ्यासाठी धैर्याबरोबर संयमही लागतो. वयाने सर्वच मुले वाढतात. जेन मनाने वाढली, ती अशी.

स्वाध्याय
१. शार्लटने टोपणनाव का घेतले असावे?
२. मामीचे घर सोडणारी जेन व रॉचेस्टरचे घर सोडणारी जेन यांत कोणता फरक दिसतो?
३. जेनने संपत्तीचे वाटे केले, हे तुम्हांस योग्य वाटते काय? सकारण लिहा.