दाभोळचे बंदर आणि घाटमाथ्याची वाट

कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. पण उंब्रजच्या घाटाखालून वाहणारे पाणी तिकडे जात नाही. सह्याद्रीचा कणा पश्चिमेस आडवा असल्याने ते सारे दक्षिण भारत ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. माणसांनी आणि मालाने मात्र प्राचीन काळापासून जवळचाच समुद्र पसंत केला. उंब्रजहून मल्हारपेठ, पाटण, हेळवाक असे करीत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण येते. तेथून वाशिष्ठी नदीची खाडी थेट दाभोळला पोचते.

वाशिष्ठीच्या मुखाशी उत्तर तीरावर असलेले दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही राजवटीतील एक प्रमुख बंदर होते. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने परतीचा समुद्रप्रवास येथूनच सुरू केला. येथे उतरणाऱ्या परदेशी घोड्यांचा उल्लेख त्याने केला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा याने तांबे, पारा व हिंगूळ येथे उतरून देशावर जात असल्याचे, आणि देशावरून गहू, हरभरा व कापड येथे येत असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे दाभोळचे वैभव केवळ खाडीच्या खोलीवर नव्हे, तर घाटमाथ्यावरील शेतकरी व विणकर यांच्या श्रमावरही उभे होते. इतिहासाच्या पुस्तकांत ही बाजू सहसा येत नाही.

चौलच्या लढाईत मुलगा मारला गेल्याने संतापलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले. बंदर त्यातून सावरले. सतराव्या शतकात ते शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आले.

दाभोळ मागे पडले ते पुढे, आणि त्याचे मुख्य कारण तोफा नव्हेत, तर वाट बदलली हे होय. कुंभार्लीतून पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ, नारळ व सुकी मासळी वर येई आणि धान्य, गूळ खाली जाई. भरतीच्या पाण्यावर गलबते चिपळूणनजीकच्या गोवळकोटपर्यंत येत. इंग्रजी अमदानीत या घाटातून गाडीरस्ता झाला. परंतु आगगाडी मिळाली ती बोरघाटाला, १८६३ साली. अमेरिकेत १८२५ मध्ये ईरी कालवा खुला होताच डोंगरापलीकडचा माल न्यूयॉर्क बंदराकडे लोटला. मुंबईच्या बाबतीत लोहमार्गाने तेच केले. पुढे पुणे–मिरज लोहमार्ग झाल्यावर कराड, मसूर भागाचा मालही उत्तरेकडे वळला. खाडीत गाळ साचत होताच. त्यात माल आटला. चिपळूणला रेल्वे आली ती कोकण रेल्वेच्या रूपाने, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही किनाऱ्याला समांतर. घाट चढून कराडला येणारा लोहमार्ग अद्याप झालेला नाही.

खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल येथे १९९९ साली मोठा वीजप्रकल्प सुरू झाला, दोनच वर्षांत बंद पडला आणि पुढे पुन्हा चालू झाला. २०१३ पासून द्रवरूप वायूची जहाजे तेथे लागू लागली. तथापि या बंदराचा देशावरील बाजारपेठांशी पूर्वीसारखा संबंध राहिलेला नाही.

एक संबंध मात्र नव्याने जुळला आहे. कोयना नदी मूळची पूर्ववाहिनी. हेळवाकजवळ वळण घेऊन ती कराडला कृष्णेस मिळते. १९६२ पासून तिच्या धरणाचे पाणी बोगद्यातून पश्चिमेस पोफळीकडे सोडले जाते. वीज निर्माण करून ते वाशिष्ठीत उतरते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती दिसते ती याच पाण्यामुळे. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपात या पश्चिमेकडे वळविलेल्या पाण्याचा हिशेब आजही स्वतंत्रपणे मांडावा लागतो.