दाखला खरा की खोटा?

मुलांनो, एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत नाव घालायचे असेल, तर काय लागते? दाखला लागतो. त्यावर मुख्याध्यापकांची सही असते, शाळेचा शिक्का असतो. तो पाहिला, की नव्या शाळेतील गुरुजींची खात्री पटते.

वकिलांनाही दाखले लागतात. पण ते वेगळे असतात. समजा, न्यायालयात एक भांडण आले आहे. तसेच भांडण पूर्वी दुसऱ्या न्यायाधीशांपुढे आले होते. त्यांनी त्याचा निवाडा केला होता. मग वकील तो जुना निवाडा शोधून काढतो आणि म्हणतो, "महाराज, पूर्वी असा निर्णय झाला आहे. आताही तसाच व्हावा." अशा जुन्या निवाड्यालाही दाखला म्हणतात. ही रीत आपल्या देशात आहे, तशीच अमेरिकेतही आहे.

हे निवाडे जाडजूड ग्रंथांत छापलेले असतात. अशा ग्रंथांचे शेकडो खंड असतात. दाखला देताना वकील खंडाचा व पानाचा आकडा लिहितो. त्यामुळे कोणालाही तो ग्रंथ उघडून खरेखोटे पाहता येते. पूर्वी वकील तासन्तास ग्रंथालयात बसून दाखले शोधत. पुढे निवाडे संगणकावर आले आणि शोधणे सोपे झाले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने 'चॅटजीपीटी' ही संगणक प्रणाली लोकांसाठी खुली केली. तिला प्रश्न विचारला, की ती माणसासारखे उत्तर लिहून देते. अशा यंत्रांच्या करामतीला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. वकिलांचे बरेचसे काम वाचण्याचे आणि लिहिण्याचे असते. ढीगभर कागदांतून हवा तो मजकूर शोधणे, लांबलचक मजकुराचा सारांश काढणे, पत्राचा कच्चा मसुदा तयार करणे ही कामे यंत्र झटपट करू लागले. वकिलांना आनंद झाला.

पण न्यूयॉर्क शहरात काय घडले, ते ऐका.

२०१९ साली एक प्रवासी 'अवियांका' या कंपनीच्या विमानाने न्यूयॉर्कला येत होता. विमानात खाण्यापिण्याचे पदार्थ वाटण्याची धातूची ढकलगाडी आपल्या गुडघ्याला लागली, अशी त्याची तक्रार होती. त्याने न्यायालयात भरपाई मागितली. कंपनी म्हणाली, "दावा करण्याची मुदत टळून गेली आहे. हा दावा काढून टाकावा."

प्रवाशाच्या बाजूने दोन वकील काम करत होते. एकाने दाखले शोधले. तो तीस वर्षे वकिली केलेला माणूस होता. पण या वेळी त्याने चॅटजीपीटीला विचारले. यंत्राने भराभर दाखले दिले. पक्षकारांची नावे, न्यायाधीशांची नावे, खंड, पान, सारे काही होते! दुसऱ्या वकिलाने ते न तपासता कागदावर सही केली. मार्च २०२३ मध्ये तो कागद न्यायालयात गेला.

कंपनीच्या वकिलांनी ते दाखले शोधले. काही केल्या सापडेनात. न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनाही सापडले नाहीत. ते म्हणाले, "या निवाड्यांच्या प्रती आणून द्या." त्या वकिलाने पुन्हा यंत्राचाच आधार घेतला. "हा निवाडा खरा आहे ना?" असे त्याने यंत्रालाच विचारले. यंत्र म्हणाले, "हो, खरा आहे."

प्रत्यक्षात सहा निवाडे मुळात नव्हतेच! यंत्राने ते रचले होते.

तुम्ही विचाराल, यंत्र खोटे का बोलले? मुलांनो, 'एक होता राजा. त्याला होत्या दोन...' एवढे म्हणताच तुमच्या तोंडी 'राण्या' हा शब्द येतो. तुम्ही तो राजा पाहिलेला नसतो. पण तुम्ही अशा गोष्टी खूप ऐकलेल्या असतात. हे यंत्रही असेच शिकते. त्याला अफाट मजकूर पुरवलेला असतो. कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधून ते वाक्य जुळवते. दाखला कसा दिसतो हे त्याला कळले होते. पण ग्रंथ उघडून त्याने काही पाहिले नव्हते. म्हणून चोराला चोरीबद्दल विचारावे, तसे यंत्राला विचारून भागत नाही. खात्री दुसरीकडे करावी लागते. येथे तर ग्रंथाचे एक पान उलटले असते तरी पुरे होते!

२२ जून २०२३ रोजी न्यायाधीशांनी निर्णय दिला. दोन्ही वकील आणि त्यांची कचेरी यांना मिळून ५,००० डॉलर दंड झाला. ज्या खऱ्या न्यायाधीशांच्या नावावर खोटे निवाडे दिले होते, त्या प्रत्येकाला पत्राने हा प्रकार कळवावा, अशी आज्ञाही झाली. त्याच दिवशी, मुदत टळल्यामुळे, प्रवाशाचा दावाही निकालात निघाला.

यंत्राची मदत घेणे हा गुन्हा नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले. न्यायालयापुढे जे मांडायचे, ते खरे आहे याची खात्री करणे हे मात्र वकिलाचे काम आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी सांगितली. दाखले सापडत नाहीत असे समोरच्यांनी दाखवले, तेव्हाच वकिलांनी सारे खरे सांगून टाकले असते, तर प्रकरण इतके वाढले नसते.

पुढे जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील वकिलांच्या मोठ्या संघटनेने वकिलांना बजावले, की यंत्राचे काम तपासून घ्या आणि आपल्याकडे आलेल्या माणसाची गुपिते जपा.

आपल्याकडेही असे यंत्र न्यायालयाच्या मदतीला आले आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे इंग्रजीत असतात. त्यांचे मराठीत व इतर भारतीय भाषांत भाषांतर करण्यासाठी २०१९ साली 'सुवास' नावाची प्रणाली सुरू झाली. यंत्र भाषांतर करते आणि जाणकार माणसे ते तपासतात. यंत्राचा वेग आणि माणसाची नजर, दोन्ही एकत्र आली, की काम चोख होते.

मुलांनो, उद्या तुम्हीही अशा यंत्राला प्रश्न विचाराल. जरूर विचारा. पण ते उत्तर वहीत उतरवण्यापूर्वी पुस्तक उघडा, गुरुजींना किंवा बाईंना विचारा. वहीवर नाव तुमचे असते, यंत्राचे नसते. ज्याचे नाव, त्याची जबाबदारी!

शब्दार्थ
निवाडा – न्यायाधीशांचा निर्णय
पक्षकार – खटल्यातील एका बाजूचा माणूस
मसुदा – लिखाणाचा पहिला, कच्चा नमुना
मुदत – ठरवून दिलेला काळ
बजावणे – निक्षून सांगणे

स्वाध्याय
१. वकील दाखला का देतात?
२. दाखल्यात खंडाचा व पानाचा आकडा का लिहितात?
३. यंत्राने खोटे निवाडे कसे रचले, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. दोन वकिलांपैकी कोणाची चूक मोठी, असे तुम्हांला वाटते? का?
५. कारण सांगा : 'सुवास'ने केलेले भाषांतर माणसे तपासतात.
६. उपक्रम : तुमच्या गावाविषयी ऐकलेली एखादी माहिती निवडा. ती खरी आहे का, हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासा. कोठे व कसे तपासले, ते वर्गात सांगा.