ऑपरेशनसाठी कर्ज काढण्याआधी

सख्यांनो, आपल्या गटाची कर्जाची नोंदवही उघडली की शाळेची फी, बी-बियाणं, लग्न यांच्या जोडीला एक कारण हमखास दिसतं : ऑपरेशन. कुणाचा हर्निया, कुणाच्या सासूबाईंचा मोतीबिंदू, कुणाची पिशवी. मंगळसूत्र गहाण पडतं आणि आपण म्हणतो, नशीब! पण गरजेचं ऑपरेशन वेळेवर होणं हा आपला हक्क आहे.

तळोज्याचंच बघा. इथल्या मध्यवर्ती कारागृहात एल्गार परिषद खटल्यातले आरोपी, तेलुगू कवी वरवरा राव होते. वय ऐंशीचं. 22 फेब्रुवारी 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना आजारपणामुळे सहा महिन्यांचा जामीन दिला. तुरुंगाच्या दवाखान्यात पुरेशा सोयी नाहीत, हे त्यातलं एक मोठं कारण. एप्रिल 2022 मध्ये कायमचा जामीन नाकारला, तरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तीन महिने दिले. खटल्यात खरं-खोटं काय, तो आपला विषय नाही. कैद्याचा उपचाराचा हक्कसुद्धा राज्यघटनेच्या कलम 21 मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून येतो. मग तुमचा-माझा येणार नाही का?

येतो. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एका सरकारी दवाखान्याने खाट नाही म्हणून परत पाठवलं. 1996 साली सुप्रीम कोर्टाने त्याला 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि बजावलं, पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

हे फक्त आपल्या देशापुरतं नाही. आरोग्याचा हक्क मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 पासून आहे. महिलांच्या हक्कांचा करार आपण 1993 मध्ये मान्य केला. त्याच्या कलम 14 मध्ये ग्रामीण बायकांना आरोग्यसेवा मिळाली पाहिजे, असं वेगळं लिहिलंय. 2015 मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की तातडीच्या आणि गरजेच्या शस्त्रक्रिया हा सर्वांसाठीच्या आरोग्यसेवेचाच भाग आहे. अडलेलं बाळंतपण, फुटलेलं अपेंडिक्स, उघडं पडलेलं हाड, ही कामं गोळ्यांनी होत नाहीत ना!

आता कामाचं बोलू. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. ॲडमिट होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, आपलं ऑपरेशन यादीत आहे का विचारा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेही तिथेच कळेल. चौकशीचा फुकट नंबर 155388.

दुसरा रस्ता धर्मादाय रुग्णालयांचा, हा फार जणींना माहीतच नसतो. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदाराचा दाखला लागतो आणि तो ऐनवेळी मिळत नाही, म्हणून आधीच काढून ठेवा. जीव धोक्यात असेल तर कागद मागाहून, दाखल आधी.

आणखी एक. हक्क म्हणजे नको ते ऑपरेशन नाकारण्याचाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण एवढं वाढलं की 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

पुढच्या बैठकीत ऑपरेशनसाठी कर्जाचा अर्ज आला, तर सचिव ताईंनी मंजुरीआधी विचारावं : आरोग्यमित्राला भेटलीस का? उत्तर नाही असेल, तर गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जावं. कर्ज काय, दोन दिवसांनीही देता येईल. जीवच धोक्यात असेल, तर मात्र थांबू नका. 108 ला फोन करून आधी दवाखाना गाठा.