मंगळयात्रा : एका बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

आपल्या समाजात ‘मंगळ’ हा शब्द निघाला की प्रथम पत्रिका आठवते. प्रस्तुत लेखाचा विषय तो मंगळ नव्हे. ज्या ग्रहावर यंत्रे उतरली आहेत व माणूस उतरू पाहतो आहे, त्याचा वैद्यकीय अंगाने थोडा विचार येथे करावयाचा आहे.

यंत्रांची कामगिरी निःसंशय थोर आहे. १९६५ साली ‘मरिनर-४’ने जवळून जाताना पहिली छायाचित्रे पाठविली, १९७६ साली ‘व्हायकिंग’ याने उतरली. ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी २००४ साली नव्वद दिवसांच्या कामासाठी उतरली आणि २०१८च्या धुळीच्या वादळापर्यंत चालत राहिली. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात कक्षेत स्थिरावले व २०२२पर्यंत संपर्कात राहिले. ‘पर्सिव्हरन्स’वरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात तेथील कार्बन डायऑक्साइडपासून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू निर्माण केला. प्रौढ माणसाला तो तीन-साडेतीन तास पुरेल!

यंत्राला ताप येत नाही. माणसाचा प्रश्न निराळा. ‘क्युरिऑसिटी’ मंगळाकडे जात असताना तिच्यावरील मापकाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग नोंदविला. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारणतः ८ ते १० मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणजे दर पाच-सहा दिवसांनी एक स्कॅन, तोही वर्षभर. जाण्यायेण्याच्या प्रवासातच ही मात्रा साडेसहाशेच्या घरात जाते. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरविलेली मर्यादा ६०० आहे. लहान मुलाचा एक स्कॅन लिहिताना दोनदा विचार करणाऱ्या आपणा मंडळींना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

दुसरी अडचण तातडीच्या उपचारांची. अंतराळ स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळल्याचा वृत्तांत २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लक्षणे काहीच नव्हती. संशोधनासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसली. पृथ्वीवरील डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली एनॉक्सापॅरिन सुरू झाले. साठा मर्यादित असल्याने मात्रा जपून वापरावी लागली आणि पुढे मालवाहू यानातून अपिक्साबॅन पोहोचविण्यात आले. हाच रुग्ण मंगळाच्या वाटेवर असता तर? तेथून संदेश येण्यास ३ ते २२ मिनिटे लागतात, उत्तर जाण्यास पुन्हा तितकीच. प्रक्षेपणाची सोयीची वेळ तर सुमारे २६ महिन्यांतून एकदा येते. १९६१ साली अंटार्क्टिकावरील तळावर लिओनिद रोगोझोव्ह या एकुलत्या एका डॉक्टरला स्वतःचेच अपेंडिक्स काढावे लागले होते. तेव्हा मंगळावर जाणाऱ्या तुकडीत निदान दोन डॉक्टर असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझ्या शाखेचा विषय. २००८ साली ‘फिनिक्स’ या यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. वजनाने सुमारे अर्धा टक्का. परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीकडे जाणारे आयोडीन अडवते, आणि याच गुणामुळे एके काळी ते थायरॉइडच्या अतिरेकी स्रावावर औषध म्हणून दिले जात असे. तेथील बारीक धूळ वस्तीत, पाण्यात व पिकांत शिरू न देणे सोपे नाही. नवजात अर्भकाला थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले तर मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे आपण जाणतोच. त्यासाठीच टाचेतून रक्त घेऊन तपासणी करण्याचा आग्रह आपण धरतो.

शिवाय मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. तेवढ्या गुरुत्वाकर्षणात जन्मून वाढलेले एकाही सस्तन प्राण्याचे पिल्लू आजवर कोणी पाहिलेले नाही. तेथे बाळाची मान कितव्या महिन्यात धरेल, हाडांत कॅल्शियम किती साठेल, आणि असे मूल पुढे पृथ्वीवर आलेच तर स्वतःच्या पायांवर उभे राहील काय? तरीही काही उद्योगपती कायम वस्तीची भाषा सहजपणे बोलतात.

प्रौढ माणूस सर्व धोके समजून संमतिपत्रावर सही करू शकतो आणि त्याच्या जाण्यास माझा विरोध नाही. बाळाची सही कोण करणार? पुढील काही दशके यंत्रांनी माती, पाणी व किरणोत्सर्ग यांची तपासणी करावी, मग मोजक्या प्रौढांनी जाऊन परत यावे. त्या पहिल्या यानांत बालरोगतज्ज्ञासाठी जागा राखून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.