जुन्या उबुंटूवर नवे ॲप

प्रश्न : उबुंटू २०.०४ वर एक नवे ॲप उघडताना 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' असा संदेश येतो. ती लायब्ररी वेगळी उतरवून टाकू का?

उत्तर : कृपया तसे करू नका. जवळपास सगळी यंत्रणा जीलिबसीवर चालते. ती हाताने बदलली तर संगणक सुरूच न होण्याची भीती असते. तुमच्याकडे २.३१ आहे. जुन्या जीलिबसीवर बांधलेले ॲप सहसा नव्यावर चालते, उलटे मात्र नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१४च्या डेबकॉन्फ या डेबियन परिषदेत याच दुखण्यावर बोट ठेवले होते : लिनक्सच्या प्रत्येक डिस्ट्रोसाठी (उबुंटू, डेबियन वगैरे) वेगळे पॅकेज बांधणे छोट्या प्रकल्पांना झेपत नाही. मला ते पूर्ण पटते. म्हणून त्या ॲपचे फ्लॅटपॅक, म्हणजे वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणारे पॅकेज, मिळते का ते शोधा. लागणाऱ्या लायब्रऱ्या त्यासोबतच येतात. जागा जास्त लागते, हे खरे. शिवाय २०.०४चा नेहमीचा आधार २०२५मध्ये संपला आहे. बॅकअप घेऊन २२.०४ वर जा.