घरचे दोन सामने गेले, पुढे काय?

मित्रहो, बेसबॉल हा काही आपला खेळ नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी तो हॉलिवूडच्या सिनेमातच पाहिलेला. तरीही थर्ड इयरच्या सेमिनारला मी हाच विषय घेतला, याला कारण २०१९ ची वर्ल्ड सिरीज. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज विरुद्ध वॉशिंग्टन नॅशनल्स. पहिले दोन सामने ह्यूस्टनला, दोन्ही यजमान ह्यूस्टन हरलं (५-४ आणि १२-३). पुढचे तीन वॉशिंग्टनला, तिन्ही वॉशिंग्टन हरलं. शेवटचे दोन परत ह्यूस्टनला, आणि तेही ह्यूस्टन हरलं! सात सामने, सातही पाहुण्यांनी जिंकले. हे वाचल्यावर मला वाटलं, चला, विषय मिळाला.

सेमिनारमध्ये मी मोठ्या ऐटीत ठोकून दिलं, "पहिले दोन सामने घरी हरणं म्हणजे दुप्पट हरणं. सामने तर गेलेच, वर घरच्या मैदानाचा फायदाही गेला." पुराव्यादाखल एक स्लाइडही होती. सात सामन्यांच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ०-२ असे मागे पडूनही शेवटी जिंकलेले संघ दहा. त्यातले पहिले दोन सामने घरी हरलेले फक्त तीन : १९८५ चे कॅन्सस सिटी रॉयल्स, १९८६ चे न्यूयॉर्क मेट्स आणि १९९६ चे न्यूयॉर्क यँकीज. बाकीचे सात (१९५५, ५६, ५८, ६५, ७१, ७८ आणि ८१ चे विजेते) पहिले दोन सामने परक्या मैदानावर हरले होते. तीन विरुद्ध सात. वर्गाने माना डोलावल्या.

मागच्या बाकावर बसलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "दुप्पट म्हणजे किती? घरी हरल्यामुळे जास्तीचं नुकसान किती टक्के?"

मी गप्प. सर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी आकडा घेऊन ये. मग मार्कांचं बघू."

पंचवीस मार्कांचा प्रश्न होता, त्यामुळे त्या आठवड्यात एम-फोरची वही कपाटातून बाहेर निघाली. त्यातून जे निघालं ते हे. (आणि ते माझ्या स्लाइडच्या बाजूचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.)

आधी थोडे नियम

वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकेच्या दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका. आधी चार सामने जिंकेल तो विजेता, म्हणजे जास्तीत जास्त सात सामने. मैदानांची वाटणी २-३-२ अशी : पहिले दोन 'अ' संघाकडे, मधले तीन 'ब' कडे, शेवटचे दोन परत 'अ' कडे. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली तर 'अ' ला घरी चार सामने मिळतात, 'ब' ला तीन. हा जास्तीचा एक सामना कुणाला मिळावा याचे नियम बदलत गेले. २००२ पर्यंत दोन्ही लीगना आळीपाळीने मिळायचा. २००३ ते २०१६ ऑल-स्टार सामना जिंकणाऱ्या लीगला मिळाला. २०१७ पासून हंगामातली कामगिरी ज्याची चांगली, त्याला मिळतो.

घरच्या मैदानाचा फायदा बेसबॉलमध्ये असतोच. प्रेक्षक आपले, मैदानाचे कोपरे ओळखीचे, आणि प्रत्येक इनिंगमध्ये यजमान संघ नंतर बॅटिंग करतो, म्हणजे किती धावा हव्यात हे माहीत असतं. (इथे टॉसबिस काही नाही, यजमान नेहमीच नंतर.) पण हा फायदा आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही. वर्षानुवर्षांच्या साध्या हंगामात यजमान संघ शंभरातले साधारण ५४ सामने जिंकतो. म्हणजे छापा-काट्यापेक्षा चार जास्त, बस्स. माझा अर्धा गर्व तर इथेच उतरला.

पायरी पहिली : नुसतं नाणं

आधी मैदान विसरू. दोन्ही संघ तुल्यबळ, प्रत्येक सामना पन्नास-पन्नास. पहिला सामना हरलेल्या संघाला उरलेल्या सहापैकी किमान चार जिंकायला हवेत. (मालिका आधीच संपली तरी उरलेले सामने कागदावर खेळवायचे. उत्तर बदलत नाही आणि हिशेब सोपा होतो.) सहापैकी चार, पाच किंवा सहा जिंकण्याचे प्रकार :

१५ + ६ + १ = २२, एकूण शक्यता ६४

२२/६४ म्हणजे ३४.४ टक्के. दोन हरल्यावर पाचपैकी किमान चार हवेत : (५ + १)/३२ = १८.७५ टक्के. तीन हरल्यावर चारही जिंकायला हवेत : १/१६, म्हणजे सव्वासहा टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अजून घर-परकं काही आलेलंच नाही, तरी ०-२ झाल्यावर पन्नासचे एकोणीस टक्के झाले. नुकसान मुख्यतः हरण्याचं आहे.

पायरी दुसरी : आता मैदान धरू

यजमानाची शक्यता ०.५४, पाहुण्याची ०.४६. मालिका सुरू होण्याआधी 'अ' ची जिंकण्याची शक्यता किती? पहिल्या सहा सामन्यांत तीन घरी आणि तीन बाहेर, म्हणजे दोघे सारखेच. फरक पडतो तो ३-३ झालं तरच, आणि ३-३ होण्याची शक्यता ३१.४ टक्के निघते. म्हणून,

०.५ + ०.०४ × ०.३१४ = ०.५१३

सगळ्या मालिकेत जास्तीच्या घरच्या सामन्याची किंमत किती, तर सव्वा टक्का! मी दोनदा तपासलं. रूम-पार्टनरला उठवून त्याच्याकडूनही तपासून घेतलं. त्याने बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि परत झोपला.

आता खरी गंमत. 'अ' पहिला सामना घरी हरला. उरले सहा : तीन घरी, तीन बाहेर. किमान चार जिंकण्याची शक्यता ३४.३ टक्के. उलट धरा, पहिला सामना 'ब' परक्या मैदानावर हरला. त्याचे उरले किती? तीन घरी आणि तीन बाहेर. शक्यता तीच, ३४.३ टक्के!

म्हणजे पहिला सामना घरी हरा नाहीतर बाहेर, उरलेली शक्यता अगदी सारखी. कारण सोपं आहे. 'अ' कडे जास्तीचा घरचा सामना एकच होता, तो खेळून झाला. जिंकला असता किंवा हरला असता, पुढचं वेळापत्रक दोघांना सारखंच.

दुसराही गेला तर? 'अ' चे उरले दोन घरी, तीन बाहेर. पाचपैकी किमान चार जिंकण्याची शक्यता :

पाचही जिंकण्याची ०.०२८, बाहेर एक हरून बाकी जिंकण्याची ०.१००, घरी एक हरून बाकी जिंकण्याची ०.०४८. बेरीज सुमारे ०.१७७.

'ब' दोन बाहेर हरला असता तर त्याचे तीन घरी, दोन बाहेर उरले असते. त्याच रीतीने उत्तर ०.१९७.

१७.७ आणि १९.७. फरक दोन टक्क्यांचा. सरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. दुसऱ्या रीतीने बघायचं तर 'अ' ५१.३ वरून १७.७ वर आला, गमावले ३३.६. 'ब' ४८.७ वरून १९.७ वर आला असता, गमावले असते २९. भागाकार केला तर सुमारे १.१६. दुप्पट सोडा, सव्वापटसुद्धा नाही.

मग तीन विरुद्ध सात?

हा प्रश्न मला गुरुवारच्या आदल्या रात्री छळत होता. फरक जर इतका बारीक, तर इतिहासात तीन विरुद्ध सात कसे?

चूक अशी होती की मी फक्त अंश पाहिला, छेद पाहिलाच नाही. सावरलेले संघ मोजले, पण मुळात त्या खड्ड्यात पडले किती, हे मोजलं नाही. पहिले दोन्ही सामने घरी हरण्याची शक्यता ०.४६ × ०.४६, म्हणजे २१ टक्के. दोन्ही बाहेर हरण्याची ०.५४ × ०.५४, म्हणजे २९ टक्के. बाहेर ०-२ होणारे संघ मुळातच जास्त, त्यामुळे त्यातून सावरणारेही जास्त दिसणार. गुणाकार केला तर शंभर मालिकांमागे घरी पडून उठणारे चारच्या आसपास, बाहेर पडून उठणारे सहाच्या आसपास. चारास सहा. एकूण उदाहरणं दहाच असताना तीनास सात दिसले तर त्यात नवल काही नाही. माझी स्लाइड खोटी नव्हती, पण तिच्यावरून मी काढलेला निष्कर्ष पोकळ होता.

मित्रहो, हा प्रकार आपणही रोज करतो. "अमक्या क्लासचे इतके पोरं कॅम्पसमधून लागले" असं ऐकलं की लगेच फी भरायला धावतो. क्लासला बसले किती होते, हे कोण विचारतं?

गणितात न बसणाऱ्या गोष्टी

या गणिताला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. एक तर दोन्ही संघ तुल्यबळ धरले आहेत. घरी ओळीने दोनदा हरलेला संघ मुळातच थोडा कमजोर असू शकतो. तसं असेल तर खरी शक्यता १७.७ पेक्षा कमी. दुसरं, बेसबॉलमध्ये रोजचा सामना सारखा नसतो, कारण सुरुवात करणारा पिचर रोज वेगळा. पहिल्या सामन्याचा पिचर चार-पाच दिवसांनी परत येतो.

याचं १९९६ इतकं सुंदर उदाहरण नाही. पहिल्या सामन्यात यँकीजचा अँडी पेटिट विरुद्ध अटलांटा ब्रेव्ह्जचा जॉन स्मोल्ट्झ. घरच्या प्रेक्षकांसमोर यँकीज १२-१ ने हरले. अटलांटाच्या अँड्र्यू जोन्सने, वय वर्षं १९, दोन होम रन ठोकले. दुसरा सामनाही ४-० ने गेला. मग अटलांटाला जाऊन यँकीजने तिन्ही सामने जिंकले. त्यातल्या चौथ्यात ते ०-६ ने मागे होते, तो त्यांनी दहाव्या इनिंगमध्ये ८-६ असा काढला. पाचव्यात परत तेच दोन पिचर समोरासमोर, पेटिट आणि स्मोल्ट्झ. चार दिवसांपूर्वीचा १२-१, यावेळचा निकाल १-०, यँकीजच्या बाजूने. माणसं तीच! सहावा सामना घरी ३-२ ने जिंकून मालिका ४-२.

१९८६ चे मेट्स तर साध्या हंगामात १०८ सामने जिंकून आले होते. बोस्टन रेड सॉक्सकडून घरी १-० आणि ९-३ असे हरले. बोस्टनला जाऊन तीनपैकी दोन जिंकले, तरी २-३. सहाव्या सामन्यात दहाव्या इनिंगला दोन धावांनी मागे, दोन गडी बाद, बेसवर कुणी नाही. तिथून ओळीने तीन हिट, मग एक वाइल्ड पिच, आणि शेवटी बिल बकनरच्या पायांमधून निसटलेला तो चेंडू. ६-५. सातवा ८-५. बोस्टनने दोन सामने बाहेर जिंकले होते, पण चषकासाठी चार लागतात.

तिसरी गोष्ट, हा निष्कर्ष २-३-२ पुरताच आहे. २०२२ पासून प्लेऑफची पहिली फेरी तीन सामन्यांची असते आणि सगळे सामने एकाच मैदानावर होतात. तिथे पहिला हरलेल्या यजमानाला उरलेले दोन्ही घरीच मिळतात : ०.५४ × ०.५४, म्हणजे २९ टक्के. पाहुणा हरला तर २१ टक्के. म्हणजे तिथे घरी हरलेलाच बऱ्या स्थितीत! २०२५ मध्ये यँकीज बोस्टनकडून घरी पहिला सामना ३-१ ने हरले आणि पुढचे दोन्ही ४-३, ४-० असे जिंकून गेले. सूत्र एकच : गेलेला सामना कुठे झाला ते बघू नका, उरलेले कुठे आहेत ते मोजा.

गुरुवारी

गुरुवारी मी फळ्यावर १७.७ आणि १९.७ लिहिलं आणि आधीचं "दुप्पट" माझ्याच हाताने खोडलं. वर्गात थोडं हसू झालं. सरांनी विचारलं, "मग ह्यूस्टन का हरलं?" मी म्हणालो, "सर, पहिले दोन घरी हरल्यानंतर त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन तीन जिंकले. ३-२ ने पुढे होते, उरलेले दोन घरी होते, एकच हवा होता. ते शेवटचे दोन हरले म्हणून हरले." सर काही बोलले नाहीत, पण वहीत काहीतरी लिहिलं.

किती लिहिलं ते नंतर कळलं. पंचवीसपैकी एकोणीस. पहिल्या दिवशी उत्तर नव्हतं याचे मार्क त्यांनी कापले असावेत. तो सामना आपण घरीच हरलो होतो. असो, पुढच्या सेमचे सगळे अजून खेळायचे आहेत.